माझदा एमएक्स-५ (१९९४): सस्पेन्शनची उंची लावताना ठेवलेल्या नोंदी

गाडी पहिल्या पिढीची, १.८ लिटर, उजव्या हाताचं स्टिअरिंग. चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी बाहू). टायर १८५/६० आर १४, थंड असताना हवा २६ पीएसआय. मध्यम किमतीचं कॉइलओव्हर किट (शॉकअपभोवतीच स्प्रिंग, उंची बदलता येणारी) आधीच बसलेलं आहे. स्प्रिंगा पुढे ६ किलो प्रति मिमी, मागे ४. शॉकअपच्या नळीवर आटे आहेत आणि स्प्रिंगखालची रिंग फिरवली की उंची बदलते. खालचा पाय फिरवून शॉकअपची लांबीच बदलते तो प्रकार हा नाही. इथे गाडी खाली आणली की शॉकअपचा उरलेला प्रवासही कमी होतो, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो. गाडी इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर चालते, अधूनमधून ट्रॅकवर जाते. इथे फक्त उंची, कोपऱ्यांवरचं (प्रत्येक चाकावरचं) वजन आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन).

९ मार्च. आधी फरशी

रिंगला हात लावण्यापूर्वी फरशी मोजली. गॅरेजची फरशी पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती असते आणि त्यावर घेतलेलं प्रत्येक माप खोटं असतं. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लावतात तशी पातळी चार चाकांच्या जागी घेतली. दाराकडची बाजू ९ मिमी खाली, त्यातही डावा कोपरा आणखी २ मिमी खाली. विनाइलच्या चौकोनी फरश्या एकावर एक ठेवून चारही जागा एका पातळीत आणल्या आणि त्यांच्या कडा फरशीवर रंगाने आखून ठेवल्या. पुढची सगळी मापं याच जागांवरची आहेत. फरश्यांचा खर्च १४ पौंड.

उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात शिरते. जुन्या स्प्रिंगांवर पुढे ३५५, मागे ३६० मिमी होतं. जोडीला दरवाज्याखालच्या वेल्डिंगच्या पट्टीची जमिनीपासूनची उंचीही लिहून ठेवावी. तीस वर्षांच्या गाडीचं मडगार्ड कधी बदललं, कोणी कसं बसवलं, काही सांगता येत नाही. पट्टी सहसा जागची हलत नाही.

१० मार्च. ३१२ मिमी, आणि ते का टिकलं नाही

किट विकणारे फोटोत दाखवतात तेवढी खाली आणली: चारही कोपरे ३१२. मडगार्डमध्ये जेमतेम दोन बोटं. दिसायला झकास.

रस्त्यावर आल्यावर लक्षणं लगेच दिसली. सपाट डांबरावर ठीक, पण वळणात उंचवटा आला की पुढचं टोक एकदम बाहेर सरकतं. मागची बाजू खड्ड्यावर उडी मारून पाव फूट बाजूला पडते. स्प्रिंगा कडक आहेत म्हणून असं होतं, हा पहिला समज बहुतेकांचा असतो आणि मग लोक शॉकअपचा कडकपणा बदलणारे डँपिंगचे क्लिक फिरवत बसतात. इथेही अर्धी दुपार त्यात गेली. उपयोग शून्य.

१६ मार्च. शॉकअपमध्ये प्रवास किती उरला

धुळीची टोपी काढून शॉकअपच्या दांड्यावर नळीला टेकेल असा प्लॅस्टिकचा बारीक टाय बांधला. शॉकअप दबला की नळी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. ओळखीच्या दहा किलोमीटरच्या रस्त्यावर फिरून आल्यावर चारही टाय बंप स्टॉपला (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून असलेल्या फोमच्या ठोकळ्याला) चिकटलेले. त्यापुढे स्टॉप किती चेपला ते टाय सांगू शकत नाही, पण कारण कळायला एवढं पुरे.

गाडी स्थिर उभी असताना नळी आणि बंप स्टॉपमधलं अंतर: पुढे १४ मिमी, मागे ११. चाकाच्या हिशेबात पुढे २० आणि मागे १४ मिमी. म्हणजे बोटाच्या पेराएवढा उंचवटा आला की गाडी स्प्रिंगवरून फोमच्या ठोकळ्यावर जाते. वळणात बाहेरचं चाक आधीच दबलेलं असतं, त्यामुळे तिथे तेवढाही उरत नाही. ठोकळा लागला की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो, त्या टोकावर वजन आदळतं आणि पकड सुटते. क्लिक फिरवून हे जाणार नव्हतंच.

दुसरं कारण गाडीखाली वाकून दिसतं. ३१२ वर पुढच्या खालच्या विशबोनचं बाहेरचं टोक आतल्या बोल्टपेक्षा वर गेलेलं आहे. या अवस्थेत रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली उतरतं, मग बॉडी कमी झुकण्याऐवजी जास्त झुकते. गाडी खाली आणून काय मिळतं त्याचा हिशेब करून पाहावा. गुरुत्वमध्य साधारण ४५० मिमी धरला तर १८ मिमी खाली आणल्याने वळणातला वजनबदल ४ टक्क्यांनी कमी होतो. त्या ४ टक्क्यांसाठी सस्पेन्शनचा प्रवास विकायचा हा तोट्याचा व्यवहार आहे.

१७ मार्च. वर उचलणं

रिंग १० मिमी फिरवून गाडी किती उचलली जाते ते आधी मोजलं: पुढे १४ मिमी, मागे १३. शॉकअप विशबोनच्या मधोमध कुठेतरी बसतो, त्यामुळे चाक त्याच्यापेक्षा जास्त हलतं. दोन आट्यांमधलं अंतर २ मिमी, म्हणजे रिंगचा एक फेरा पुढे २.८ आणि मागे २.६ मिमी. हे आकडे एकदा हाती आले की अंदाजाने फिरवणं बंद होतं. (स्विफ्ट किंवा पोलोसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत पुढे रिंग आणि गाडी जवळजवळ एकास एक हलतात. तिथे हे गुणोत्तर वापरू नये, स्वतः मोजावं.)

नवी उंची ठरवली प्रवासावरून: चाकाला बंप स्टॉपपूर्वी निदान ३५ मिमी मोकळे हवेत. पुढे साडेसहा फेरे, मागे नऊ. गाडी आली पुढे ३३०, मागे ३३५ वर. मोकळा प्रवास पुढे २७ आणि मागे २९ मिमी, दोन्हीकडे चाकाला ३८. पट्टीची उंची पुढे १२२, मागे १२७.

क्रम असा ठेवावा. आटे पितळी ब्रशने साफ करून त्यांवर सिलिकॉनचा फवारा. वाळू अडकलेल्या आट्यावर रिंग फिरवली तर अॅल्युमिनियमची रिंग सोलवटते आणि मग ती कुठल्याच हुक पान्याला दाद देत नाही. गाडी स्टँडवर, चाक मोकळं लटकलेलं, लॉक रिंग सैल, मग मुख्य रिंग. भाराखाली कधीही फिरवू नये. खाली उतरवल्यावर गाडी तशीच मोजू नये. टायर आडवे घासून अडकलेले असतात आणि गाडी १०-१५ मिमी उंच दिसते. अर्धा किलोमीटर फिरवून आणून, दोन्ही टोकं दाबून मगच माप घ्यावं.

त्याच रस्त्यावर पुन्हा टाय लावून फेरी. पुढचे टाय स्टॉपच्या ४ मिमी अलीकडे थांबले, मागचे ६. फक्त गतिरोधकावर स्टॉप लागतो, तो लागायलाच हवा. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या उंचवट्याला कमाल मर्यादा १०० मिमीची आहे. भारतात आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकातला गोल गतिरोधकही १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद. पण आपल्याकडे सोसायटीच्या दारात सिमेंटचा जो वरवंटा घालतात त्याला कुठलंच मानक लागू नाही, तेव्हा पुण्या-मुंबईत १२२ चा विचार करणाऱ्याने आधी रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक मोजून यावं.

२३ मार्च. कॅम बोल्ट

या गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि मागचा टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) खालच्या विशबोनच्या आतल्या टोकांना असलेल्या विकेंद्री चकतीच्या कॅम बोल्टांनी लावतात. एकूण आठ. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात हे बोल्ट बुशच्या (विशबोनच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) पोलादी नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरतो असंही वाटतं, पण खरं तर बोल्टासकट बुशचं रबर पिळत असतं. सोडला की पुन्हा मूळ जागी.

आठांपैकी पाच फिरले. डावा मागचा एक आणि पुढचे दोन जाम. आदल्या आठवड्यापासून रोज गंजतेल मारलेलं होतं. गॅसच्या ब्लोटॉर्चने डोकं तापवून पाहिलं, रबराचा धूर निघू लागला तेव्हा थांबलो. लांब दांड्याने जोर लावल्यावर एका बोल्टाचं डोकं पिळवटलं. अखेर करवत: बुश आणि सबफ्रेमच्या (विशबोन ज्याला जोडलेले असतात त्या सांगाड्याच्या) कानामधल्या फटीत पातं घालून दोन्ही बाजूंनी काप. फट ३ मिमीचीही नाही. साधी पाती एका बोल्टाला तीन संपली. बायमेटल पातं घेतल्यावर काम सरकलं. जोर नको, पातं तेलात भिजवत हळू. कान कापला गेला तर पूर्ण सबफ्रेम गेली.

कॅम बोल्टांचा संच ९५ पौंड, पुढच्या विशबोनचे बुश ४२, पाती १८. माल यायला आठवडा. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी बोल्ट आधीच मागवून ठेवावेत, कारण कापलेल्या बोल्टाची गाडी कुठेही जात नाही.

३० मार्च. बुश आणि खोटी उंची

नवे बोल्ट कॉपर ग्रीस लावून बसवले. ग्रीस बोल्टाच्या अंगाला लावायचं, आट्यांना शक्य तितकं कमी. ओल्या आट्यावर तोच टॉर्क बोल्ट जास्त ताणतो.

या दिवसाचं खरं काम वेगळं. मूळ रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. विशबोन हलतो तेव्हा रबर पिळतं, घसरत नाही. म्हणून नट ज्या उंचीवर आवळला तीच त्या बुशची विश्रांतीची जागा. किट बसवताना गाडी स्टँडवर लटकलेली असताना नट आवळले गेले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं, स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलतं आणि वर्षा-दोन वर्षांत फाटतं.

विशबोनचे आतले सगळे बोल्ट आणि शॉकअपचे खालचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना सैल केले. त्यासाठी चाकं प्रत्येकी दोन जाड फळ्यांच्या रचलेल्या ठोकळ्यांवर चढवली, खाली सरपटायला जागा झाली. सैल होताच गाडी बसली: पुढे ३३० चे ३२५, मागे ३३५ चे ३३१. १७ मार्चची उंची काही अंशी रबराने धरून ठेवलेली होती. ती मोजणी फुकट गेली. पुढे दोन फेरे, मागे दीड फेरा वर, पुन्हा उसळवून माप, मग त्याच उंचीवर आवळणं. शॉकअपचा खालचा बोल्ट ८५ न्यूटन मीटर, पुढचे कॅम नट १००, चाकांचे नट ११०. कॅम नट अलाइनमेंटला पुन्हा सुटणार आहेतच, तरी आत्ता आवळावेत, नाहीतर वजन काट्यापर्यंत जाताना चाकं वाटेल तिकडे तोंड करतील.

पॉलियुरेथेनचे बुश असतील तर ही भानगड नाही, ते घसरतात. त्यांना ग्रीस मागायची सवय असते.

६ एप्रिल. चार काटे

जवळच्या एका वर्कशॉपचे चार वजनकाटे अर्ध्या दिवसासाठी, मदतनिसासकट १२० पौंड. ड्रायव्हरच्या जागी २५ किलोच्या तीन वाळूच्या पिशव्या, टाकी अर्धी, अँटी-रोल बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंका दोन्ही टोकांना सोडलेल्या. बार जोडलेला ठेवून वजन घेतलं तर बारचा पीळ आकड्यांत मिसळतो.

पहिलं वाचन: पुढे डावं २४७, पुढे उजवं २९९, मागे डावं २६५, मागे उजवं २५३. एकूण १०६४ किलो. पुढचं उजवं अधिक मागचं डावं, ही तिरपी बेरीज, म्हणजे ५६४, एकूणच्या ५३ टक्के. मडगार्डची मापं मात्र चारही बाजूंना २ मिमीच्या आत.

हे कसं शक्य आहे? टेबलाचा एक पाय किंचित लांब असला तर टेबलाचा वरचा भाग सपाटच दिसतो, भार मात्र दोन तिरप्या पायांवर जातो. बॉडीच्या हालचाली तीन: वर-खाली, पुढे-मागे झुकणं, डावी-उजवीकडे झुकणं. रिंगा चार. चौथी गोष्ट, म्हणजे तिरपा पीळ, मोजपट्टीला दिसतच नाही. म्हणून उंची चारही कोपऱ्यांत सारखी आहे एवढ्यावर काम संपलं असं मानू नये.

अशी गाडी डाव्या वळणात नाक बाहेर काढते आणि उजव्या वळणात शेपूट हलकी करते. रस्त्यावर ते जाणवत होतंच, पण कॅम्बरमुळे असेल असं वाटत होतं.

दुरुस्ती चारही कोपऱ्यांत वाटून केली. एकाच कोपऱ्यात सगळं केलं तर उंची बिघडते. पुढे उजवी आणि मागे डावी रिंग दोन फेरे खाली, पुढे डावी आणि मागे उजवी दोन फेरे वर. काट्यांवरून गाडी ढकलून उतरवायची, पुन्हा चढवायची, उसळवायची, मग वाचायचं. नवं वाचन, त्याच क्रमाने: २६२, २८४, २५०, २६८. तिरपी बेरीज ५३४, म्हणजे ५०.२ टक्के. मडगार्डची मापं १ मिमीही हलली नाहीत.

डाव्या बाजूला एकूण ५१२ आणि उजवीकडे ५५२ हे तसंच राहिलं. ते राहणारच. ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि रिंगा फिरवून वजन डावीकडे जात नाही. त्यामागे लागून लोक तिरपी बेरीज बिघडवून घेतात.

लिंका परत जोडल्यावर तिरप्या बेरजेत ६ किलोंची वाढ झाली. मूळ लिंका ठराविक लांबीच्या. पुढचा बार जोडताना हातानं दाबून बोल्ट घालावा लागला तेव्हाच शंका यायला हवी होती. लांबी बदलता येणाऱ्या पुढच्या लिंकांची जोडी, ८५ पौंड. नेम असा: गाडीत वजन ठेवून, चाकांवर उभी असताना, बोल्ट बोटांनी सहज आत जाईल तेवढी लांबी.

१३ एप्रिल. दोरीची अलाइनमेंट

उंची ठरल्याशिवाय अलाइनमेंट करू नये, केली तर पैसे दोनदा जातात. वाळूच्या पिशव्या जागेवर. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडांवर नायलॉनची दोरी ताणली, दोन्ही दोऱ्या चाकांच्या मध्यांपासून समान अंतरावर. पुढचं आणि मागचं ट्रॅक सारखं नसतं, त्यामुळे पुढे आणि मागे अंतर वेगळं येतं. डाव्या-उजव्याला मात्र एकच हवं. चाकांखाली विनाइलच्या दोन फरश्या, मधे ग्रीस, म्हणजे चाक अडकत नाही.

मिळालेलं: पुढचं कॅम्बर डावं −१°१०′, उजवं −१°४०′. मागचं डावं −२°२०′, उजवं −२°. मागचं डावं चाक १ मिमी टो-आउट. खड्ड्यावर शेपूट बाजूला पडायची त्यात या शेवटच्या आकड्याचाही वाटा होता. कॅम बोल्ट कापले नसते तर तो दुरुस्तच झाला नसता.

लावलेलं: पुढे −१°३०′, कॅस्टर ४°४५′, टो शून्य. मागे −१°४५′, एकूण टो-इन २ मिमी, रिमच्या कडेवर मोजून. पुढे खालच्या विशबोनचे दोन्ही कॅम एकत्र हलवले की कॅम्बर, उलटसुलट हलवले की कॅस्टर. मागे एकत्र हलवले की कॅम्बर, उलटसुलट हलवले की टो. दोन्ही एकमेकांना ओढत असल्याने तीन-चार आवर्तनं लागतात. क्रम: मागची चाकं पूर्ण, मग पुढचं कॅम्बर-कॅस्टर, स्टिअरिंग मध्यावर बांधून अगदी शेवटी टाय रॉडने पुढचा टो.

संध्याकाळी हेडलाइट भिंतीवर तपासले. एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) चाचणीत ८५० मिमीपेक्षा खालच्या दिव्यांचा झोत अर्धा ते दोन टक्के खाली हवा. पुढचं टोक मागच्यापेक्षा जास्त उतरलं असतं तर इथे नापास.

२० एप्रिल. मॅलरी पार्क ट्रॅक

जेरार्ड्स हे लांबलचक उजवं वळण या कामासाठी उत्तम, डावी चाकं बराच वेळ दबलेली राहतात. आता नाक हळूहळू बाहेर जातं आणि अॅक्सिलरेटर किंचित सोडलं की परत येतं. ३१२ वर असताना मोटारवेच्या बाहेर पडणाऱ्या अशाच लांब वळणात गाडी टप्प्याटप्प्याने सरकायची.

पिटमध्ये येताच डाव्या पुढच्या टायरचं तापमान आतून बाहेर ७८, ७४, ७३ अंश. कॅम्बर ठीक. हवा २६ वरून ३१ झाली होती, २९ वर आणली. हेअरपिनमध्ये थोडं नाक बाहेर जातं. मागची बाजू आणखी उचला, असा सल्ला लगेच मिळतो. ५ मिमी उचलल्याने २२६५ मिमीच्या व्हीलबेसवर पुढे सरकणारं वजन अर्धा किलोही भरत नाही. हेअरपिनसाठी उंचीला हात लावला नाही.

१८ मे. पुन्हा मोजणी

स्प्रिंगा बसल्या: पुढे ३२८, मागे ३३४. दोन मिमीसाठी तिरपी बेरीज बिघडवणं परवडत नाही, तशीच ठेवली. पुढच्या उजव्या कोपऱ्याची लॉक रिंग पाव फेरा सैल सापडली. चारही रिंगांवर आणि नळीवर मिळून रंगाची एक रेघ ओढली आहे, सरकली तर वाकून पाहताच दिसते. आठही कॅम नट टॉर्कने तपासले, हलले नाहीत.

किट सोडून एकूण खर्च ३७४ पौंड. विमा कंपनीला बदललेली उंची लेखी कळवली. ब्रिटनमध्ये न कळवलेल्या बदलामुळे दावा नाकारला जाऊ शकतो. पुढची तपासणी हिवाळ्यानंतर, आटे मिठातून बाहेर आले की.